नकाराची मुभा : फोंडा तालुक्यातील एक प्रकरण

प्रस्तुत प्रकरण फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावरचे असून त्यातील व्यक्तींची आणि गावाची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. गोव्यात राहणाऱ्या मराठीभाषक ख्रिस्ती मंडळींचा आमचा एक लहानसा अभ्यासगट आहे. ख्रिस्तावर विश्वास नसलेल्या शेजाऱ्यापुढे किंवा सहकाऱ्यापुढे आपली श्रद्धा प्रेमाने कशी मांडावी, हा त्याचा विषय. या विषयावर उपदेश पुष्कळ ऐकायला मिळतो. परंतु प्रत्यक्षात काय घडले, कोण काय बोलले आणि त्याची झळ कोणाला लागली, हे तपासून पाहण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून काढले आहे. माझे मत मी सुरुवातीलाच नोंदवतो. ज्याला आपण ख्रिस्ताविषयी सांगतो त्याला नाही म्हणता आले पाहिजे, आणि नाही म्हटल्यामुळे त्याचे काहीही जाता कामा नये. यातला पहिला भाग सगळेच मान्य करतात. दुसरा पाळताना भल्याभल्यांची गाडी अडते.

दोन घरे

पहिल्या घरातली बाई मूळची नगर जिल्ह्यातली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केले, त्या परंपरेतल्या एका ख्रिस्ती कुटुंबातली. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे आणि ती स्वतः फोंड्यातल्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. वाड्यावर तिला ‘नगरच्या वहिनी’ म्हणतात. गोव्यातली बहुतेक ख्रिस्ती वस्ती कॅथलिक आणि कोकणीत प्रार्थना करणारी. ही बाई प्रोटेस्टंट आणि मराठीत प्रार्थना करणारी. त्यामुळे गावातल्या हिंदूंना ती ‘आपल्यासारखे बोलणारी, पण त्यांच्यातली’ वाटते, तर गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांना ‘आपल्यातली, पण बाहेरची’.

शेजारच्या घरात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यांची पत्नी आणि पुण्यात संगणक अभियंता असलेला मुलगा. गुरुजींनी सगळी नोकरी मराठी शाळांत केली. घरात मराठी वर्तमानपत्र, देवळातल्या भजनात त्यांचा आवाज, आणि भिंतीवर कुलदेवतेशेजारी विठोबाची तसबीर. मुलगा मात्र देव मानत नाही आणि तसे स्पष्ट सांगतो. म्हणजे ‘विश्वास न ठेवणारे’ या एका शब्दात आपण ज्यांना कोंबतो ती माणसे या एकाच घरात दोन अगदी वेगळ्या प्रकारची होती. एकाला स्वतःचा देव होता आणि दुसऱ्याला कोणताच नको होता. दोघांशी एकच बोलणे बोलून भागणार नव्हते.

आजार आणि मदत

गुरुजींच्या पोटात कर्करोग असल्याचे उन्हाळ्याच्या शेवटी कळले. तपासण्या आणि उपचार बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात झाले. त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, कागदपत्रांचे काही कळत नव्हते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डापासून पुढच्या तारखेच्या चिठ्ठीपर्यंत सगळे वहिनींनीच पाहिले. दिवाळीनंतर रोग पसरल्याचे निदान झाले आणि वेदना आटोक्यात ठेवण्याची औषधे देऊन गुरुजींना घरी पाठवण्यात आले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जशी जखम होते तशी त्यांनाही झाली. वहिनी कामावरून आल्यावर रोज संध्याकाळी ती जखम धुऊन बांधायच्या. जखम धुण्याचे सलाइन अंगाला गार लागू नये म्हणून त्या बाटली आधी गरम पाण्याच्या टोपात दहा मिनिटे ठेवत, मनगटावर थेंब टाकून पाहत, आणि मगच गॉझ भिजवत. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची हे त्यांनी काकूंना चादरीची घडी करून शिकवले. गुरुजी त्यांना ‘बाय’ म्हणत.

या काळात वहिनींनी धर्माचे नाव काढले नाही. आमच्या गटातल्या काहींना यातच आदर्श दिसला. मला तसे वाटत नाही, आणि याचे कारण एका छोट्या संवादात आहे. एका संध्याकाळी पट्टी बांधून होताना गुरुजींनी विचारले, “बाय, तू हे का करतेस? कोणी सांगितलंय का तुला?” वहिनी म्हणाल्या, “शेजारधर्म, गुरुजी.”

उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. गुरुजींचा दुसरा प्रश्न नीट ऐकला तर त्यात शंका होती: यामागे कोणाचा काही हेतू आहे का? या प्रदेशात ती शंका गैर म्हणता येणार नाही. त्या वेळी वहिनींनी सरळ सांगितले असते की, ‘येशूवर माझी श्रद्धा आहे, त्याने असे वागायला शिकवले म्हणून करते, आणि तुमच्याकडून मला काहीही नको,’ तर शंका तिथेच फिटली असती. येशूचा शिष्य पेत्र याच्या बायबलमधल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, आपल्या आशेचे कारण जो विचारील त्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला तयार राहा, असे सांगितले आहे. त्यातली सौम्यता आपण अलीकडे पुष्कळ उचलतो; उत्तर द्यायचे मात्र राहून जाते. विचारणाऱ्याला उत्तर न देणे हाही त्याचा एक प्रकारे अनादरच आहे, आणि इथे तर त्या टाळाटाळीची किंमत पुढे मोजावी लागली.

पाहुण्यांची भेट

वहिनी ज्या घरगुती प्रार्थनासभेला जातात तिथे त्यांनी गुरुजींसाठी प्रार्थनेची विनंती केली होती; नाव, आजार, घर, सगळे सांगून. जानेवारीत त्या सभेला परराज्यातून एक प्रचारक पाहुणे आले. एका रविवारी दुपारी, वहिनी कामावर असताना, सभेतल्या चौघांना घेऊन ते गुरुजींच्या घरी गेले. काकूंनी सर्वांना कोकम सरबत दिले. पाहुण्यांनी गुरुजींच्या उशाशी एक पत्रक ठेवले, डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि शेवटी भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, “ही चित्रे उतरवा, मग देव काय करतो ते बघा.” गुरुजी काही बोलले नाहीत. सुट्टीवर आलेला मुलगा आतून बाहेर आला आणि त्याने सर्वांना दार दाखवले. संध्याकाळी वहिनींना निरोप गेला की यापुढे येऊ नका.

हे पाहुणे कोणी लबाड गृहस्थ नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. या न पाहिलेल्या आजाऱ्यासाठी त्यांनी उपवास केला होता. पण त्यांच्या त्या एका वाक्यात बरे होण्याला किंमत लावली गेली होती: तसबिरी द्या, प्रकृती घ्या. मरणाच्या दारात असलेल्या माणसापुढे असा सौदा ठेवणे क्रूर आहे, बोलणाऱ्याची तळमळ कितीही खरी असली तरी. शिवाय अंथरुणावरच्या माणसाला उठून जाता येत नाही. रस्त्यावर पत्रक नाकारणाऱ्याला पाय असतात. इथे ऐकणाऱ्याची संमती कोणी विचारलीच नव्हती, आणि ती विचारण्याजोगी परिस्थितीही कोणी ठेवली नव्हती.

शुभवर्तमानांत येशू स्वतः अशा वेळी काय करतो, हे ताडून पाहण्याजोगे आहे. आंधळ्याला तो आधी विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात, त्यातला एकच परत येतो; येशूला उरलेल्या नऊ जणांचे वाईट वाटते, पण त्यांना दिलेले आरोग्य तो काढून घेत नाही. मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस त्याचे ऐकून खिन्न होऊन निघून जातो. त्याच्याकडे पाहून येशूला त्याच्याविषयी प्रीती वाटली, असे तिथे आधीच लिहिलेले आहे, आणि तो त्याच्या मागे धावत नाही, अटही सैल करत नाही, शापही देत नाही. या तिन्ही प्रसंगांत समोरच्या माणसाचा होकार-नकार त्याच्यापाशीच राहतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा मात्र त्या हक्काचा भाग नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. त्या निकालावर आजही मतभेद आहेत. पण प्रस्तुत प्रसंगात कायदा काय म्हणतो याला दुय्यम महत्त्व आहे. कायद्याच्या चौकटीत बसणारी गोष्टही प्रेमाच्या कसोटीवर नापास होऊ शकते.

या भेटीचा खरा भुर्दंड गुरुजींनी भरला. आठवडाभर पट्टी नीट झाली नाही. मुलाने प्रयत्न केला, काकूंनी केला, पण जखम चिघळली. आणि घरच्यांना मागचे सगळे उलगडल्यासारखे वाटू लागले: कार्ड, इस्पितळ, पट्टी, ही सगळी या दिवसाचीच तयारी होती तर. ‘शेजारधर्म’ या उत्तराने शंकेची जागा मोकळी सोडली होती. पाहुण्यांनी ती भरून काढली.

परतणे

आठवड्यानंतर वहिनी पुढच्या दाराने न जाता मागच्या अंगणात गेल्या. काकू मोरीवर भांडी घासत होत्या. वहिनी म्हणाल्या, “काकू, झालं ते फार वाईट झालं. गुरुजींचं नाव तिथे मीच घेतलं, त्यांना न विचारता. ड्रेसिंगला येऊ का? दुसरं काही बोलणार नाही.” आतून मुलाचा आवाज आला, “धर्माचा एक शब्दही नको.” त्या म्हणाल्या, “बरं.”

ही अट त्यांनी महिनाभराहून अधिक काळ पाळली. गटात एका सदस्याने येथे गंभीर आक्षेप घेतला. माणसांसमोर जो मला नाकारील त्याला मीही नाकारीन, असे ख्रिस्ताचे शब्द आहेत. मग गप्प राहण्याचा करार करणे म्हणजे नाकारणेच नव्हे का? मला हा आक्षेप पटत नाही. पेत्राने अंगणात शेकोटीजवळ उभे राहून ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ म्हटले, ते नाकारणे. वहिनी कोण आहेत हे आता त्या घरात प्रत्येकाला पक्के ठाऊक होते. त्यांच्या गप्प राहण्याने कोणाची फसवणूक होत नव्हती; उलट त्या अटीमुळे पहिल्यांदाच हे सिद्ध होऊ शकत होते की पट्टीच्या बदल्यात काही मागायचे नाही. नकार मिळाल्यावरही मदत चालू राहणे हा या प्रकरणाचा कणा आहे. मदत नकारानंतर थांबली असती, तर ती आधीही मदत नव्हती असे म्हणावे लागले असते.

या बाबतीत गोव्याच्याच मातीतले एक उदाहरण गटात निघाले. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू जुझे वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेत गेले आणि पुढे कँडीच्या बौद्ध राज्यात राहिले. १६९७ च्या सुमारास तिथे देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, आणि वाझ व त्यांच्या पुतण्याने कोण कोणत्या धर्माचा हे न पाहता त्यांची शुश्रूषा केली. राजा बौद्धच राहिला, पण त्याने त्यांना राज्यात मोकळीक दिली. २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संत घोषित करण्यात आले. प्रचारकांच्या प्रशिक्षणात त्यांच्या प्रवासाच्या आणि वेशांतराच्या कथा रंगवून सांगितल्या जातात. साथीतली सेवा एका ओळीत आटोपते, हे मला नेहमी खटकते.

गुरुजींचा प्रश्न

अट मोडली ती गुरुजींनीच. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे दिवस होते, मुलगा पुण्याला परतला होता. पट्टी चालू असताना गुरुजी म्हणाले, “बाय, एक विचारतो. आमचा देव रातोरात नदी ओलांडून इकडे आला. त्या वेळी तुझा देव काय करत होता?”

या प्रश्नामागे काय आहे हे गोव्याबाहेरच्या वाचकासाठी सांगणे भाग आहे. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा बेट, म्हणजे तिसवाडी, घेतले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली आणि १५६० च्या दशकात बार्देश-सासष्टीतली देवळे पाडण्यात आली. भाविकांनी मूर्ती वाचवून खाडीपलीकडे नेल्या, कारण फोंडा म्हणजे अंत्रुज महाल तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. फोंडा पोर्तुगिजांकडे गेला तो थेट १७६३ मध्ये, आणि तोवर त्यांचे धोरण बदलले होते. १५६० मध्ये बसवलेले धर्मन्यायालय (इन्क्विझिशन), मधला थोडा काळ सोडला तर, १८१२ पर्यंत चालले. त्याची सर्वाधिक झळ नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनाच लागली, ही गोष्ट दोन्हीकडचे लोक सोयीने विसरतात. फोंडा तालुक्यात देवळापुढे उभ्या असलेल्या माणसाला हा इतिहास पुस्तकातून शिकावा लागत नाही. गुरुजींचे कुलदैवतही असेच सासष्टीतून आलेले.

वहिनींपुढे एक सोपी पळवाट होती. त्या प्रोटेस्टंट आहेत. ‘ते कॅथलिकांनी केले, पोर्तुगिजांनी केले, आमचा संबंध नाही’ असे म्हणणे त्यांना शक्य होते आणि इतिहासाच्या दृष्टीने ते चूकही ठरले नसते. त्या म्हणाल्या, “गुरुजी, ते पाप होतं. आणि त्याचं नाव घेऊन केलं, म्हणून जास्त मोठं पाप.” गुरुजींनीच ती पळवाट मग पुढे केली: “पण तुमची चर्च वेगळी ना?” त्यावर त्यांचे उत्तर होते, “नाव तेच घेते ना मी.”

ख्रिस्ताची बाजू मांडणाऱ्याला वाटते की आपण काही कबूल केले तर श्रद्धेची बाजू लंगडी पडेल. माझा अनुभव उलटा आहे, आणि येथेही तेच झाले. कॅथलिक चर्चनेही हा मार्ग धरलेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, असे जाहीर केले. आणि १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी इतर संस्कृती व धर्मांविरुद्ध चर्चच्या लेकरांकडून घडलेल्या पापांसाठी जाहीरपणे क्षमा मागितली. त्यात गोव्याचे नाव नव्हते. पण गोव्यातल्या कोणाही ख्रिस्ती माणसाला ते वाक्य आपल्या शेजाऱ्यापुढे स्वतःच्या तोंडाने म्हणता येईल, त्यासाठी रोमची वाट पाहण्याचे कारण नाही.

गुरुजींनी मग विचारले, “मग तरीही का मानतेस?” वहिनींचे उत्तर मी त्यांनी सांगितले तसे देतो. “माझ्या पणजोबांना गावच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं, विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. हा देव आमच्या वस्तीत येऊन बसला, एवढंच त्यांना कळलं. मला पुढे जास्त कळलं, पण सुरुवात तिथून झाली. क्रुसावर टांगलेला देव आमच्या लोकांना ओळखीचा वाटला.”

हे बोलणे धोक्याचे होते. एका जखमेला दुसऱ्या जखमेने उत्तर दिल्यासारखे ते वाटू शकले असते, आणि सूर थोडा जरी चढा असता तर तसेच झाले असते. पण ते उलटा आरोप म्हणून आले नव्हते. कारण विचारले म्हणून ते सांगितले होते. बरेच वेळाने गुरुजी म्हणाले, “पंढरीचं देऊळ उघडायला साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. सत्तेचाळीस साली.” आणि नंतर, “पण बाय, मला माझा विठोबा पुरे.” वहिनी म्हणाल्या, “हो गुरुजी,” आणि चादरीची घडी ओढून त्यांना डाव्या कुशीवर वळवले.

त्यानंतर दोघांत बोलणे होऊ लागले. गुरुजींनी एकदा विचारले की फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण वाचले आहे का. वहिनींनी नाव ऐकले होते, वाचले नव्हते. १६१६ मध्ये रायतूरला छापलेला, मराठी ओवीबद्ध असलेला हा ग्रंथ एका इंग्रज जेझुइटाचा आहे, हे एका ख्रिस्ती बाईला एका विठ्ठलभक्ताने सांगितले, आणि मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्याही पाठ म्हणून दाखवल्या. ओव्या सुंदर आहेत, पण ज्या सासष्टीत त्या छापल्या तिथली देवळे पाडून तेव्हा पन्नासच वर्षे झाली होती, हेही सांगायला ते विसरले नाहीत. शिक्षक तो शिक्षकच.

प्रसादाचा प्रसंग

आधीची एक गोष्ट येथे घेतो, कारण आमच्या गटात सर्वाधिक वेळ तिच्यावर गेला. त्या वर्षीच्या गणेशचवथीला गुरुजींना मातोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधायला उभे राहवत नव्हते. वहिनींच्या नवऱ्याने स्टुलावर चढून सुपारीचे घोस, नारळ, तोरिंगे आणि आंबाडे बांधले. आरतीच्या वेळी ती दोघे ओसरीवर बसून राहिली. प्रसादाचे काय, हा प्रश्न होताच. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिले आहे की समोर वाढलेले खुशाल खा, पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. वहिनी या बाबतीत कडक आहेत आणि त्यांनी काकूंना पूर्वीच सांगून ठेवले होते, “राग मानू नका काकू, प्रसाद मी घेत नाही. जेवायला मात्र नक्की येईन.”

काकूंनी केलेली तजवीज अशी: नैवेद्य दाखवण्याआधीच त्यांनी नेवऱ्या, पातोळ्या आणि खतखते एका डब्यात वेगळे काढून ठेवले, वर झाकण घातले आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवले. देवापुढे काही जाण्याआधी दुसऱ्या धर्माच्या शेजारणीचा वाटा काढायचा, ही गोष्ट त्या घरात सोपी नसणार. गटातल्या काहींच्या मते वहिनींनी प्रसाद घेऊन प्रश्नच मिटवायला हवा होता. काहींच्या मते मातोळी बांधणेही चुकले. मला यात दोघींचे वागणे नीट वाटते. एकीने आपली मर्यादा आधीच आणि गोड शब्दांत सांगितली, दुसरीने ती अपमान न मानता पाळली. आणि प्रेमाने श्रद्धा कशी सांभाळावी याचा धडा त्या दिवशी ख्रिस्ती घरातून निघाला नव्हता, हे आमच्या मंडळींनी मोकळेपणाने मान्य करावे.

मुलगा

वैशाखात गुरुजी गेले. तेराव्यानंतर मुलाने वहिनींना विचारले की देव असता तर वडिलांना इतके सोसावे लागले असते का. त्यांनी उत्तर दिले नाही. येशूनेही क्रुसावर ‘का’ असेच विचारले होते, एवढे म्हणाल्या. पुढे त्याने स्वतःहून वाचायला काही मागितले, तेव्हा त्यांनी लूकचे शुभवर्तमान दिले. आता तो पुण्याहून फोनवर आक्षेप पाठवतो. पहिला आक्षेप होता की मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या येशूच्या वंशावळी एकमेकींशी जुळत नाहीत. वहिनींनी आमच्यापैकी एकाला विचारून लिहिले: जुळत नाहीत हे खरे आहे, अभ्यासक त्याची वेगवेगळी कारणे देतात, आणि त्यातले कोणतेच मला पूर्ण पटलेले नाही. यावर त्याचा पुढचा आक्षेप आला. तो नास्तिकच आहे. वहिनींना घाई दिसत नाही, आणि याचे मूळ त्यांच्या नगरच्या संस्कारात असावे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने. एवढ्या मोठ्या कवीला आपल्या घरातसुद्धा थांबावे लागले, ही गोष्ट त्या भागातल्या ख्रिस्ती घरांत लहानपणापासून कानावर पडते.

गटातील चर्चा

या प्रकरणावरून प्रार्थनासभेने एक नियम केला: आजाऱ्याचे नाव त्याला किंवा घरच्यांना विचारल्याशिवाय सभेत घ्यायचे नाही, आणि कोणाही पाहुण्याने न बोलावता आजाऱ्याच्या घरी जायचे नाही. त्या पाहुण्या प्रचारकांना हा नियम कळवला तेव्हा त्यांनी काकूंची क्षमा मागण्यासाठी यायची तयारी दाखवली. काकूंनी वहिनींमार्फत कळवले की राग राहिलेला नाही, पण येण्याची गरज नाही. ते आले नाहीत. माझ्या मते त्यांनी या प्रकरणात केलेली ही एक गोष्ट पूर्णपणे बरोबर होती.

ज्या मुद्द्यावर एकमत झाले नाही तो शेवटच्या दिवसांचा. गुरुजी अखेरच्या आठवड्यात वेदनाशामक औषधांच्या गुंगीत होते आणि वहिनी रोज त्यांच्या उशाशी होत्या. एका ज्येष्ठ सदस्याचे म्हणणे असे की अनंतकाळाचा प्रश्न असताना त्यांनी एकदा तरी पुन्हा विचारायला हवे होते. न विचारणे हे शिष्टाचाराला तारणापेक्षा वर ठेवणे झाले. या माणसाचा कळवळा खरा आहे आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या आतून पाहिले तर त्याचा प्रश्न टाळता येत नाही. माझे उत्तर असे आहे की गुरुजींनी शुद्धीवर असताना विचारले होते, त्यांना खरे उत्तर मिळाले होते, आणि त्यांनी नीट विचार करून आपले उत्तर दिले होते. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाकडून वेगळे उत्तर काढून घेतले असते तर ते त्यांचे नसते, आणि ज्या देवाला अंतःकरण कळते असे आपण मानतो त्याला ते चालले असते असे मला वाटत नाही. त्या सदस्याला हे पटलेले नाही. त्याचे मत गटाच्या टिपणवहीत त्याच्याच शब्दांत नोंदवले आहे, आणि पुढच्या बैठकीत तो ते पुन्हा मांडणार आहे.